प्रॉक्सीतून गेलेला प्रश्न

संघमित्राने लेकीला मांडीवर घेतलं आणि एका हाताने लॅपटॉप उघडला. कामोठ्याच्या घरून काम करायला ऑफिसने परवानगी दिली होती, पण ब्राउझरला ऑफिसचा प्रॉक्सी लावायचा, म्हणजे इंटरनेट ऑफिसमार्फत चालवायचं, या अटीवर. नाही जमलं तर वाशीच्या ऑफिसात हजर. आणि पोर तर बाटलीला तोंडसुद्धा लावत नव्हती.

फोनवर विश्वजित होता, ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळणारा.

"ताई, सेटिंगमध्ये जा. प्रॉक्सी दिसतंय?"

"दिसतंय. थांब रे, ही केस ओढतेय."

"ओढू द्या. आता मी सांगतो तो पत्ता टाका, बाजूला पोर्टचा नंबर. सेव्ह."

पान बराच वेळ फिरत राहिलं आणि एकदाचं उघडलं.

"झालं की! पार्टी पायजे, ताई."

"आधी ही झोपू दे, मग माग पार्टी."

"आणि ऐका, काम संपलं की प्रॉक्सी बंद करा. नायतर तुमचं सगळंच ऑफिसमधून जाईल."

तेवढ्यात पोरीने दूध ओकलं. पुसापुशीत प्रॉक्सी बंद करायचं डोक्यातून निघूनच गेलं.

दुपारी काम उरकलं, पोर झोपली आणि संघमित्राला बाळंतपणापासून अधूनमधून व्हायचं तसंच पुन्हा झालं. कारण नसताना डोळे वाहू लागले. नवऱ्याला, धम्मपालला, सांगावं तर तो घाबरणार. सासूबाई म्हणणार, "आमाला काय पोरं नाय झाली?" म्हणून तिने ब्राउझरलाच विचारलं, 'बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नाही, मी वाईट आई आहे का?'

संध्याकाळी तिच्या साहेबांचा, चंद्रशेखर सरांचा फोन आला. आवाज एकदम मऊ.

"मॅडम, प्रॉक्सीवरून जे शोधाल ते आमच्याकडे दिसतं. तुमचं वाचलं. वाईट वाटलं हो."

तिने लॅपटॉपचं झाकण लावून टाकलं.

"घरात एकटं बसून होतं असं. मी वर बोललोय. सोमवारपासून वाशीला या, चार माणसांत बरं वाटेल."

"सर, ही बाटली घेत नाही हो..."

"आई लांब गेली की घेतात पोरं. टेन्शन नका घेऊ."

ते खरंच भल्यासाठी बोलत होते. भांडायचं तरी कुणाशी?

"हो सर," ती म्हणाली.

पोर उठून रडत होती. संघमित्राने तिला अंगाशी घेतलं. सोमवारी एक तर ही उपाशी राहणार, नाहीतर नोकरी जाणार. आणि आपल्याला हे काय होतंय ते विचारायला एकच जागा होती, आता तिथेही माणसं बसलेली. पोर डोळे मिटून दूध ओढत राहिली. संघमित्रा भिंतीकडे बघत बसली.