पाडव्याचा नारळ

पाडवा तोंडावर आला, तसं धुरपदाबाईनं नवऱ्याचं डोकं खायला घेतलं.

"आवं, ऐकताव का? मालकाच्या हातनं काय बी घ्यायचं न्हाय. नारळ न्हाय, टावेल न्हाय, पान तर बिलकूल न्हाय."

"व्हय," बिभीषण म्हणायचा. त्याच्या 'व्हय'वर विश्वास ठेवायचा तरी कसा? पोरीच्या ऑपरेशनला हिंमतरावांकडून उचल घेतली, तेव्हापासून हा माणूस त्यांच्या शेतावर सालगडी. साल पाडव्याला संपतं आणि पाडव्यालाच लागतं. मालकानं नारळ दिला, गड्यानं घेतला, की पुढचं साल बांधलं. दर पाडव्याला मालक म्हणायचे, "अजून थोडं फिटायचंय," आणि हे येडं हात पुढं करायचं. शिवाय गड्याच्या बायकोनं गोठा झाडायचा, तोही फुकट. का? तर म्हणे पद्धत हाय! जळ्ळी मेली ती पद्धत!

यंदा मात्र खुद्द हिंमतराव पारावर चार माणसांत बोलले होते की, बिभीषणाची उचल फिटली. धुरपदाबाईच्या भावानं येरमाळ्याला हायवेवरच्या हॉटेलात दोघांना काम बघितलं होतं. महिन्याच्या महिन्याला पगार. फक्त हा एक पाडवा निभावायचा होता.

सकाळी बिभीषण मालकाचा निरोप घ्यायला गेला. धुरपदाबाई भांडी पोत्यात भरत होती, तेवढ्यात दारात मालकीणबाई उभ्या. एवढ्या वर्षांत त्यांचा पाय या दाराला लागला नव्हता.

"जाणार म्हणं तुम्ही. सवाशिणीला रिकाम्या ओटीनं कसं धाडू?"

धुरपदाबाईला भरूनच आलं. तिनं पदर पसरला. त्यांनी कुंकू लावलं, खण, तांदूळ आणि नारळ ओटीत घातला. ती पाया पडली.

"बरं झालं बाई, साल बांधलं," मालकीणबाई जाता जाता म्हणाल्या. "गाय व्यायला आलीय, उद्या जरा लवकर ये."

धुरपदाबाई पदर धरून तशीच उभी राहिली.

थोड्या वेळानं बिभीषण छाती काढून आला. "काय बी घेतलं न्हाय! मालकानं पान पुढं केलं, म्या हात मागं बांधून उभा. मालक नुसतं हसलं. म्हणलं, बरं, जा घरी." मग त्याला तिची ओटी दिसली. ओटीतला नारळ बघून तो पोत्यातली भांडी बाहेर काढायला लागला. म्हणाला, "जाऊ दे. एक सालच तर हाय."

एक सालच! धुरपदाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःचा राग आला, मालकिणीचा आला, पण सगळ्यात जास्त आला तो या 'जाऊ दे'चा. ती ओटीसकट दाराबाहेर पडली.

"आगं, भरलेली ओटी परत करत न्हाईत! वंगाळ व्हतं!"

"आन् काय वंगाळ व्हायचं ऱ्हायलंय वो आपलं?"

मालकाच्या दारात सणासाठी बायका जमल्या होत्या. त्यांच्यादेखत तिनं उंबऱ्यावर पदर मोकळा केला. तांदूळ सांडले. नारळ घरंगळत मालकीणबाईंच्या पायाशी गेला.

"बाई, आमचं साल संपलं," धुरपदाबाई म्हणाली आणि राहिलेली भांडी भरायला घरी गेली.