पाहुण्याच्या सहीचं पुस्तक

आमच्या सेवा क्लबात जेवणानंतर पाहुणा बोलतो आणि त्याच्या सहीचं, मुलांचं एखादं पुस्तक क्लबतर्फे गावच्या वाचनालयाला जातं. पुस्तक निवडते वाचनालय सांभाळणारी लॉर्ना.

परवा नवा महापौर कर्टिस आला होता. चर्चच्या तळघरात कोंबडी-बटाटे खाऊन झाल्यावर गावात आधी काय करायचं ते त्यानं सांगितलं. आधी पाण्याचे पाइप, मग रस्ते. कारखाना गेल्यापासून तिजोरीत खडखडाट आहे, हे आम्हालाही ठाऊक होतं.

"म्हणून," ताटाकडे बघत तो म्हणाला, "जूनपासून वाचनालय बंद करावं लागेल."

आमचा अध्यक्ष वेंडेल सवयीचा गुलाम. त्यानं लॉर्नाला नेहमीची खूण केली. ती उठली आणि मांडीवरचं पुस्तक तिनं कर्टिसपुढे ठेवलं.

"बाई, आता हे कशाला?" तो पुटपुटला.

"सही कर रे. लहानपणी बाप घ्यायला येईपर्यंत तिथंच बसायचास, तेव्हा कधी दार लावलं का मी?"

त्यानं मान खाली घालून सही केली.

"तारीख पण घाल," ती म्हणाली. "यापुढे कुणाची सही लागायची नाही."

त्यानं तारीख घातली. सही झाली की टाळ्या वाजवायची आमची रीत आहे. आम्ही करंट्यांनी त्या वाजवल्या.