बिनउजेडाची ऊब

वायरमन पडला तो काही फार उंचावरून नाही. एका गिऱ्हाइकाकडे गिझर बसवताना शिडी सटकली आणि डोक्याची मागची बाजू बेसिनच्या कडेवर आपटली, इतकंच. हाड मोडलं नाही, रक्तही फारसं आलं नाही. पण तेव्हापासून त्याला उजेड सोसेना. काडी पेटवली तरी डोळ्यांतून सुई आरपार जावी तशी कळ यायची, मग ओकाऱ्या, मग दिवसभर अंथरूण. हयातभर लोकांकडे दिवे लावत हिंडलेला माणूस आपल्या घरात काळोख मागू लागला.

बायकोने तो करून दिला. ती एका लॉन्ड्रीत इस्त्रीला होती. तिथली टाकायला काढलेली जाड ब्लँकेटं आणून तिने खिडकीला ठोकली, दिवा उतरवला. फ्रिज उघडला की आत लागणारा बारका बल्बसुद्धा पिळून काढला. एकच खोली, मागे स्वयंपाकाचा ओटा आणि बाथरूम. त्यात ती हाताने चाचपत वावरायला शिकली. कधी मिठाच्या जागी साखर पडायची, आणि दोघंही ते तसंच जेवायची.

या सगळ्या धांदलीत मुकादमाचेही दिवे बंद झाले.

मुकादम म्हणजे कासव. कुणी एक गिऱ्हाईक गाव सोडून जाताना वायरमनच्या तळहातावर ठेवून गेलेलं, तेव्हा लिंबाएवढं. खोलीच्या चारी कोपऱ्यांची पाहणी करायची, पण स्वतः इकडची काडी तिकडे करायची नाही, म्हणून त्याचं नाव मुकादम पडलं. घरात मूलबाळ नव्हतं, तेव्हा लाड सगळे त्याच्या वाट्याला. वायरमनने एक जुनं कपाट आडवं पाडून, दारं काढून त्याला घर करून दिलं होतं. तळाला माती, एका टोकाला तापणारा दिवा, वर एक लांब ट्यूब. ते कपाट आता अंधारात होतं. थंडीचे दिवस सुरू झाले आणि मुकादम एका कोपऱ्यात मान आत घेऊन बसला तो बसलाच. पानं तशीच सुकून जायची.

बायकोने नणंदेला फोन करून विचारलं, मुकादमाला थोडे दिवस ठेवून घेता का. नणंदेला वाईट वाटलं, पण तिच्याकडे कुत्रा होता आणि तो दिसेल ते तोंडात धरायचा. भावाला बरं वाटलं की बघू, असं म्हणून तिने विषय मिटवला.

तेव्हा अंथरुणातून वायरमनच बोलला. "अगं, ऊब द्यायला उजेड कशाला लागतो? चिनीमातीचा हीटर मिळतो. बल्बसारखाच आटे देऊन बसतो, पण उजेड देत नाही, नुसता तापतो."

पाळीव प्राण्यांच्या दुकानातून तिने तो आणला. वायरमनने तो हातात घेऊन सगळीकडून चाचपला, आणि होल्डरही चिनीमातीचाच आण म्हणाला, प्लास्टिकचा वितळेल. मग त्याने तिला अंधारात वायर सोलायला शिकवली. नख कुठे टेकवायचं, पिळा किती द्यायचा, स्क्रू कुठवर आवळायचा. तिची बोटं चुकली की तो आपली बोटं त्यावर ठेवायचा. हीटर खालून लावायचा नाही, म्हणाला, कासवाला ऊन पाठीवरच कळतं. कपाटाच्या एकाच टोकाला टांग, दुसरं टोक गार राहू दे, नकोसं झालं की त्याला तिकडे जाता आलं पाहिजे. पडल्यापासून इतकं तो एका दमात बोलला नव्हता. तिला जुना नवरा परत आल्यासारखं वाटलं, आणि अंधार होता म्हणून तिने डोळे पुसले नाहीत.

हीटर तापला. मुकादम हळूहळू त्याच्याखाली सरकला, आणि एका सकाळी कपाटाच्या फळीवर नखं घासल्याचा आवाज आला. वायरमन पडल्या पडल्या तो ऐकायचा. ती कामावरून आली की सांगायचा, आज मुकादमाने पूर्वेकडची पाहणी केली, आज पानं चघळली. ती लॉन्ड्रीत कॉलरीवर इस्त्री फिरवताना गुणगुणायला लागली, तेव्हा शेजारच्या बाईने विचारलं की वहिनी, घरी बरं आहे वाटतं सगळं. बरं आहे, ती म्हणाली.

थंडी ओसरत आली होती. मुकादमाला कोमट पाण्यात बसवायला म्हणून तिने बाथरूममध्ये नेलं, दार लावून घेतलं आणि तिथला दिवा लावला. पाठ चोळताना तिचा अंगठा कवचात दबला. पिकल्या फळात दबावा तसा.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला उलटसुलट करून पाहिलं. उबेनं भूक लागते, त्या म्हणाल्या, भूक लागली की अंग वाढतं, पण खाल्लेलं हाडांना लागायला उन्हाचा उजेड लागतो. तो नसला की शरीर आपल्याच कवचातून काढून खातं. बंद खिडकीच्या काचेतून येणारं ऊन चालायचं नाही, साधा बल्ब चालायचा नाही. उन्हासारखा उजेड देणारी खास ट्यूबच हवी, रोज, दिवसभर.

ती मुकादमाला घेऊन घरी आली. वायरमनने त्याला छातीवर घेतलं, आणि त्याचाही अंगठा कवचात दबला.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "उजेड लागतो हे मला ठाऊक होतं. वाटलं, उबेवर निभावेल."

दारासमोर ऊन पडायचंच नाही, तेव्हा तिने कपाटावरची ती ट्यूब बाथरूममध्ये टांगली, खाली प्लास्टिकचा टब, टबात माती. दाराच्या फटीत टॉवेल. वायरमनला आत जायचं झालं की बाहेरच्या बटणाने ट्यूब विझवायची, असं ठरलं. तीन-चार दिवस नीट गेले. नंतर एका दुपारी ती कामावरून आली तर वायरमन बाथरूमच्या दारात पालथा पडलेला, डोळ्यांवर फडकं आवळून बांधलेलं, शर्टावर ओकारी. आत ट्यूब लखलखत होती.

तिने आधी बटण दाबलं. "बंद का नाही केलीत?"

"सारखी विझवायची तर त्याचा दिवस केव्हा व्हायचा?" तो म्हणाला. "मी उठतो दहादा."

त्या आठवड्यात त्याच्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं. जेवढं भरून यायचं होतं तेवढं आलं आहे, आता हे असंच राहणार. तिने विचारलं, काही वर्षांनी तरी? डॉक्टर हातातल्या पेनाचं टोपण लावत राहिले. नवऱ्याला काय सांगावं याची जुळवाजुळव करत ती चालत घरी आली, पण त्याने विचारलंच नाही.

ट्यूब नंतर ती सुट्टीच्या दिवशी, स्वतः घरी असताना तेवढी लावायची, त्याच्या डोळ्यांवर दोन घड्यांचं फडकं बांधून, त्याच्या उशाशी बसून. तेवढ्याने काय होणार? मुकादमाचे मागचे पाय फरफटायला लागले. डॉक्टरीणबाईंनी औषधाचे थेंब दिले, आणि उशीर झाला आहे हेही सांगितलं. वायरमन म्हणाला, त्याला इकडेच आण, कपाटात, हीटरखाली. निदान गारठू तरी नको. तिने आणलं. तिला वाटलं, भांडावं, म्हणावं की तुम्ही बाथरूममध्ये पडा आणि त्याला खोली द्या. ते रास्तही नव्हतं आणि उपयोगाचंही नव्हतं. तिने टबातली माती बाहेर नेऊन टाकली.

एका संध्याकाळी ती आली, चपला काढल्या, चाचपत चहा केला. वायरमनने तिला पूर्ण कप पिऊ दिला.

"मुकादम गेला," मग तो म्हणाला. "दुपारी. माझा हात होता त्याच्यावर."

ती उठून कपाटापाशी बसली. कवच अजून गरम होतं, पण ते हीटरचं. तिने प्लगकडे हात नेला तसा तो म्हणाला, राहू दे थोडा वेळ. तिने राहू दिला. मग तो भिंत धरत धरत आला आणि तिच्याजवळ बसला. कुणाचं तोंड कुणाला दिसत नव्हतं. उद्या कुठे पुरायचा, नणंदेला फोन करायचा का, असलं काहीबाही ती बोलली. त्याने होकार भरला. रात्रीचं जेवण करायला हवं होतं, पण दोघंही तिथून उठली नाहीत.