लेकीच्या स्थळापायी लपवलेला मधुमेह

गाद्यांच्या कारखान्यात कापूस रोजच उडे. त्या दिवशी मात्र उशीचं तोंड शिवता शिवता गादीवालीचा श्वासच अडकला. छातीतून शिट्ट्या वाजू लागल्या.

दवाखान्यात सोबत वन्सं होत्या. गादीवालीच्या लेकीचं स्थळ त्यांनीच आणलेलं.

"दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या देतोय. मधुमेह आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

गादीवालीने तोंड उघडायच्या आत वन्सं म्हणाल्या, "छे हो! आमच्या घरात असलं काही नाही."

बाहेर येताच त्यांनी तिचा दंड धरला. "आईला साखर, म्हणजे उद्या लेकीलाही, असंच म्हणतील मुलाकडचे. लग्न होईस्तोवर कळ काढ."

आजवर ती लपूनछपूनच साखरेचं औषध घेत आली होती. आताही डॉक्टरांकडे परत न जाता ती घराकडे वळली.

गोळ्यांनी छाती मोकळी झाली, पण तहान काही भागेना. तांब्यावर तांब्या रिकामा होई, पाय सारखे मोरीकडे वळत. सुईचं नेढं दिसेना.

"उकाड्याने होतं गं," वन्सं म्हणाल्या.

एका सकाळी ती ओट्यापाशीच कोसळली.

मोठ्या इस्पितळात शुद्ध आली तेव्हा हाताला सलाईन होतं. डॉक्टरीणबाई संतापल्या होत्या. "साखर सहाशेवर गेली होती! स्टेरॉइडने साखर वाढते. म्हणून ते औषध वाईट नव्हे, तुमची धाप त्यानेच थांबली. मधुमेह सांगितला असतात, तर रोज साखर तपासून इन्सुलिन देता आलं असतं. कुणापासून लपवत होतात, ताई?"

 मेले असते तर पोर लग्नात कुणाच्या गळ्यात पडून रडली असती, एवढंच तिच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्या मुलाची आई भेटायला आली. वन्सं लगबगीने पुढे झाल्या. "काही नाही हो, जरा चक्कर आली."

"चक्कर नाही," गादीवाली उशीला टेकून उठून बसली. "मला मधुमेह आहे. सात वर्षं झाली. मी लपवला, आणि त्यापायी मरता मरता वाचले. आता लपवणार नाही."

पाहुणीचा चेहरा उतरला. "घरी विचारून कळवते," म्हणत ती उठली. ती काय कळवणार, हे सगळ्यांना कळलं.

"केलंस पोरीचं वाटोळं!" वन्सं कडाडल्या.

लेक खाटेच्या पायथ्याशी उभी होती. ती पुढे आली. "आत्या, आईचा जीव तारण ठेवून मिळणारं सासर मला नको. आणि उद्या मला साखर झाली, तर मीही अशीच लपवायची?"

 वन्सं तणतणत निघून गेल्या.

गादीवालीने पदराने डोळे पुसले आणि परिचारिकेला हाक मारली. "बाई, ते इन्सुलिन टोचायचं कसं, ते मला शिकवा. हिलाही दाखवा. आणि दार उघडंच राहू द्या. बघू दे ज्यांना बघायचंय त्यांना."