थंड इंजिनाचा धूर

धुळाप्पा मिस्त्रीचा एक बाणा होता. आजाऱ्यानं वैद्याच्या दारी यावं, वैद्यानं दारोदार हिंडू नये. टॉवेलवाल्या वीरभद्रप्पांची लाल विलायती स्पोर्ट्स कार बारा वर्षं त्याच्याच गॅरेजात येत होती. सोलापुरात तशी दुसरी गाडी नव्हती आणि तिला हात लावणारा दुसरा मिस्त्रीही नव्हता. गड्याची सगळी ऐट त्या गाडीवर होती.

चौऱ्याहत्तर साली मालक म्हणाले, "मिस्त्री, निळा धूर येतोय." निळा धूर म्हणजे इंजिनात ऑइल जळतंय. धुळाप्पानं पिस्टनच्या रिंगा गेल्या असं ठरवून टाकलं आणि इंजिन उतरवून नव्या घातल्या. धूर तसाच! मग मालकांनी चन्नप्पाला बोलावलं आणि धुळाप्पाच्या पोटात दुखायला लागलं. कालपर्यंत त्याच्या हाताखाली राबलेला हा माणूस आता अक्कलकोट रोडला स्वतःची पाटी लावून बसला होता.

चन्नप्पा सकाळी सहाला मालकांच्या बंगल्यावर गेला. रात्रभर उभी असलेली गाडी चालू करताच भसकन निळा धूर आला आणि दोन मिनिटांत विरला. रिंगा गेल्या असत्या तर गरम गाडीनंही धूर ओकला असता. व्हॉल्व्हचे रबरी सील झिजून ऑइल रात्रभर थेंब थेंब खाली उतरत होतं. धुळाप्पाकडे गाडी तापूनच पोचायची, त्याला ते दिसणार कुठून?

चन्नप्पानं इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेडसुद्धा उतरवलं नाही. प्लगच्या भोकातून मागाची सुती दोरी आत सारली, व्हॉल्व्ह आत पडू नयेत म्हणून पिस्टन वर आणून ते तिच्यावर टेकवले आणि आठही सील बदलले. हे ऐकून धुळाप्पाचा तिळपापड झाला. ती युगत त्याची होती! त्यानंच शिकवलेली!

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपला बाणा गुंडाळून बंगल्यावर हजर झाला. चन्नप्पा आधीच तिथं गाडीपाशी उभा होता. 'सिद्धेश्वरा, एकदाच धूर येऊ दे,' एवढंच त्याचं मागणं होतं.

मालकांनी स्टार्टर दाबला. गाडी गुरगुरली. धुराचा पत्ता नाही.

"शाब्बास! ही दोरीची अक्कल कुणाची?" मालकांनी चन्नप्पाला विचारलं.

'माझीच' असं हा सांगणार, धुळाप्पाला खात्री होती. तसं झालं असतं तर भांडायला तरी तोंड होतं.

"अण्णांची की," चन्नप्पा धुळाप्पाकडे वळून म्हणाला. "आमी त्यांच्याकडनंच शिकलो, मालक. अण्णा एक दिवस सकाळी हितं आले असते, तर मला बोलवायची पाळीच न्हवती."

मालक कौतुकानं हसले आणि गाडी चन्नप्पाच्याच हातात देत म्हणाले, "जा, एक फेरी मारून आण."

धुळाप्पा सायलेन्सरपाशी वाकला आणि नाक लावून हुंगत मोठ्यानं म्हणाला, "थोडा वास येतोय हं ऑइलचा."

तोवर गाडी फाटकाबाहेर गेली होती.