बिनपंखांची निकी

निकी बेट सोडून गेली. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. याकोवोसनंही तसंच समजायचं ठरवलं होतं.

तर, निकी अजून ग्रीसमधल्या सिरोस बेटावरच होती. धक्क्यासमोरच्या बेकरीत तीळ लावलेली पावाची गोल कडी विकत होती. आणि ओतकाम करणारा याकोवोस चौकासाठी कांस्याची विजयदेवता घडवत होता. त्या देवीचं नावही निकीच. ग्रीकांत विजयालाच निकी म्हणतात, त्याला तो बिचारा काय करणार?

निकी मेलबर्नला मावशीकडे कायमची चाललीय हे कळलं, तेव्हा त्यानं ओतून तयार झालेले पंख कोपऱ्यात टेकवून ठेवले आणि देवी तशीच चौकात उभी केली.

"पंख कुठेत रे?" नगराध्यक्ष फ्रागिस्कोसनी विचारलं.

"जुन्या अथेन्सवाल्यांनीही बिनपंखांचीच ठेवली होती, साहेब. म्हणजे विजय उडून जात नाही."

"उडून जायला आधी यायला नको? आपला फुटबॉल संघ बघितलायस का?"

संध्याकाळी निकी आली. देवीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "पंखांशिवाय ही आली कशी इथवर?"

"जहाजानं. कांस्य पिरेअस बंदरातून येतं."

"मग मीही जहाजानंच जाणारेय, वेड्या."

याकोवोसनं प्रतीकं बाजूला ठेवली आणि तो देवीचा अंगठा फडक्यानं पुसू लागला.

निघायच्या दिवशी सकाळी मात्र मेल्टेमी, म्हणजे उन्हाळ्यातला उत्तरेकडचा वारा सुटला, वेगाच्या मोजपट्टीवर नऊ नंबरचा. बंदर कचेरीनं सगळी जहाजं थांबवली. निकी बॅगेवर बसली, देवीच्या पायाशी, शेजारी याकोवोस. पंखांसाठी ठेवलेल्या खांद्यांवरच्या भोकांतून वारा पोकळ देवीत शिरत होता आणि ती हलकेच गुणगुणत होती. चौकातल्या मांजरी डोळे मिटून ऐकत होत्या. कुणाच्या तरी गच्चीवरची पांढरी चादर सुटली आणि दोघांच्या डोक्यावरून सावकाश, जणू काही कामानिमित्त, समुद्राकडे निघून गेली.

निकीनं देवीच्या गुडघ्याला कान लावला.

"काय म्हणतेय?" याकोवोसनं विचारलं.

"थांब म्हणतेय. तुला इतके दिवस म्हणायला जमलं नाही ते."

"मीपण तेच म्हणतोय," याकोवोस कसाबसा म्हणाला.

"कांस्य लवकर वितळतं रे तुझ्यापेक्षा." ती हसली. "बरं. वारा आहे तोवर थांबते."

याकोवोस तडक बंदर कचेरीत गेला आणि अर्ज लिहून दिला:

'विषय: मेल्टेमी वाऱ्यास मुदतवाढ मिळणेबाबत. महाशय, वरील विषयास अनुसरून विनंती की, सध्याचा नऊ नंबरचा वारा पुढील आदेश होईपर्यंत आहे त्याच वेगाने चालू ठेवण्यात यावा, व पुढील आदेश काढण्यात येऊ नये.'