धुरात धरलेलं शून्य

"बाबा, तुमचं मशीन खोटं बोलतं का?"

प्रश्न मुलीचा स्वतःचा नव्हता. वर्गातल्या टोळीने पैज लावली होती की चिमणीतून धूर काळाकुट्ट आणि कारखान्याच्या फाटकावरच्या बोर्डवरचे प्रदूषणाचे आकडे मात्र धुतल्या तांदळासारखे, हे कसं काय ते घरी विचारून दाखव. दाखवलं विचारून. पण ते आकडे बाबाच मशीनने मोजून बोर्डवर लिहायचे. त्यांचा घास हातातच राहिला.

"उद्या सुट्टी आहे ना? चल माझ्याबरोबर," ते म्हणाले. "स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

"झालं," आई म्हणाली. "आता लेक बापाची परीक्षा घेणार."

दुसऱ्या दिवशी डोळ्यांवर घसरणारं हेल्मेट सावरत ती बॉयलरच्या शेडमध्ये उभी होती. उभी म्हणजे काय, एका पायावरून दुसऱ्या पायावर. घसा खवखवत होता. बाबांनी कोपऱ्यातल्या सावलीत धूर मोजायचा अ‍ॅनालायझर उघडला, इंधन म्हणून कोळशाचं बटण दाबलं आणि मशीन घुरघुरायला लागलं.

"आधी ते आजूबाजूची हवा ओढतं. तीच स्वच्छ हवा असं धरतं आणि तिथून शून्य मोजतं. मग नळी चिमणीच्या भोकात घालायची, की विषारी वायू किती ते कळतं. तराजूसारखंच. पारडं आधी रिकामं पाहिजे."

"आणि इथलं पारडं रिकामं आहे?"

"म्हणजे?"

"मघापासून माझा घसा खवखवतोय, बाबा. इथे धूर आहे."

"बॉयलरजवळ धूर नाही तर काय अत्तर असणार? बाहेर उन्हात स्क्रीन दिसत नाही. उन्हाळ्यापासून इथेच सुरू करतो मी."

"मग एकदा बाहेर करून बघा. चुकलात तर आईला नाही सांगणार."

ते हसले, पण हसता हसता त्यांची नजर बॉयलरच्या दाराकडे गेली. दाराच्या कडेची, धूर अडवणारी दोरी झिजली होती आणि फटीतून धुराची बारीक रेघ सरळ त्या कोपऱ्याकडे येत होती. हसू तिथेच विझलं.

आधी त्यांनी नेहमीसारखंच मोजलं. ऐंशी. मग मशीन उचलून कुंपणापाशी मोकळ्या हवेत नेलं, स्वतःच्या शर्टाची सावली धरून सुरू केलं आणि पुन्हा चिमणीपाशी आणलं. आकडा वर चढत गेला. कायद्याने घातलेली शंभरची हद्द ओलांडून सव्वाशेवर थांबला. बाबांनी पुन्हा मोजलं. पुन्हा सव्वाशे.

"म्हणजे मशीन बरोबर होतं," ती हळूच म्हणाली.

"हो. मी त्याला धूरच स्वच्छ म्हणून शिकवत होतो. तेवढा धूर आकड्यातून वजा होत होता."

घरी आल्यावर बाबा खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. खिडकी उघडली, लावली, परत उघडली.

"उद्यापासून गुपचूप बाहेर सुरू करतो. कोणाला पत्ता लागणार आहे?"

"आणि आकडा एकदम उडी मारेल तेव्हा?" आईने विचारलं. "साहेब विचारणार नाहीत?"

"सांगितलं तरी विचारतील. इतके दिवस झोपा काढत होतात का म्हणतील. हाकलूनसुद्धा देतील."

आईला नवऱ्याची नोकरीही हवी होती आणि त्याची शांत झोपही. आपण बोर्डसमोरून रोज शाळेत जातो, टोळीही जाते, सगळी तीच हवा ओढतात, हे मुलीच्या डोक्यातून जाईना. तिला बसवेना, उठवेना. उशीची टोकं पिळून झाली, वेणी सोडून झाली, घालून झाली. त्यात बाबा साहेबांना सांगायला फोन हातात घ्यायचे आणि परत टेबलावर ठेवायचे. आज ठरलं नाही तर सांगणं उद्यावर आणि मग परवावर जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. स्वतःचा गणिताचा पेपर तिने असाच आठवडाभर दप्तरात दडवला होता.

शेवटी ती दोघांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"ऐका. उद्या मी शाळेत जाणार नाही. बाबांबरोबर साहेबांच्या केबिनमध्ये जाणार. बोलायचं बाबांनीच, मी नुसती शेजारी उभी राहणार. आई, तू नको म्हणू नकोस, माझं ठरलंय."